बारा किलोची कावेरी

नाही म्हणजे नाही, नवस मी विसरलो नव्हतो. मंदा, आता हे लिहूनच ठेवतो, म्हणजे फोनवर पुन्हा तेच भांडण नको. पोरगी झाली तेव्हा राजूरच्या गणपतीला मीच बोललो होतो की हिच्या भारोभार गूळ वाहीन. यावर आमच्या मंडळींचं, म्हणजे मंदाचंच, ठरलेलं उत्तर आहे. "तवाच वाह्यला असता तर तीन किलोत भागलं असतं. तुमी सुरतला गेल्ते. मंग हैदराबादला. आता राजस्थानात. पोरगी काय तुमच्यासाठी वाढायची थांबून राह्यली का?"

एका जागी मला करमत नाही हे खरं आहे. सातवी अर्धी सोडली तेव्हापासूनचं आहे ते. सध्या पाइपलाइनवर वेल्डिंग करतो. रविवारी साइटच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसू देतात, तिथं एकेक अक्षर शोधत हे लिहितोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर यंदा थंडीत आठ दिवसांची रजा काढून केदारखेड्याला घरी गेलो. दोन वर्षांनी. कावेरी आता पाच वर्षांची झालीय. तिच्यासाठी पप्पा म्हणजे फोनमधला आवाज. रोज संध्याकाळी त्याला ती शाळेतलं सगळं सांगते. पण घरात जो माणूस बॅग घेऊन आला, तो पप्पा आहे हे काही तिला पटेना. मी म्हणजे "ते". "आई, ते उठले. आई, त्यांना च्या पाह्यजे." तिसऱ्या दिवशी तिनं मंदाला हळूच विचारलं, "पप्पाचा फोन का येईना? ते आल्यापासून येईना."

मी अंगणात दाढी करत होतो. ते ऐकलं आणि वस्तरा धुऊन ठेवला. त्याच दिवशी ठरवलं, नवस फेडायचा, आणि आम्ही दोघांनीच जायचं. पायी.

आधी गुळासाठी एस.टी.नं जालन्याला गेलो. जाणार असाल तर गूळ जुन्या जालन्यातूनच घ्या, ठोकच्या दुकानातून. किलोमागं चार-पाच रुपये वाचतात. गल्लीत शिरलं की गुळाचा, गोणपाटाचा आणि नव्या कापडाचा वास एकात एक मिसळलेला. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी विचारलं, "बच्ची का वजन कितना है?"

"असेल बारा."

"असेल? तोले क्या?"

"चाचा, कोणती पाइप किती किलोची, हे मी नुसती उचलून सांगतो."

"पाइप बढ़ता नहीं ना, बेटा," चाचा म्हणाले. "दो-चार किलो जास्ती ले लो. बचा तो घर में खाओ."

मला वाटलं, माल खपवून राह्यले. बराबर बारा किलो घेतला. एक दहाची ढेप, दोन छोट्या. परतताना राजूरला उतरून नारळाच्या एका दुकानात ठेवायला दिला. जालन्याहून येताना राजूर आधी लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओझं वाहायचं काम नाही. ही युक्ती लक्षात ठेवा.

सकाळी उजाडता निघालो. मंदानं भाकरी, ठेचा आणि गुळशेंगदाणे फडक्यात बांधून दिले. राजूर दहा-बारा किलोमीटर आहे. सडकेनं जीप मिळते, पण आम्ही नदीकडून जाऊन मग गाडीवाट धरली. पूर्णेवर धुकं असं बसलं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. कावेरी माझ्यापुढं चार पावलं. हात धरू देईना. काठावर बसून तिनं गोटे वेचायला सुरुवात केली. एक लाल, एक दुधासारखा पांढरा, एक कबुतराच्या अंड्याएवढा.

"कशाला गं इतके?"

"पप्पाला दाखवायचे हायेत."

"मला दाखव ना."

"तुमाला दिसून तर राह्यले," ती म्हणाली आणि फ्रॉकचे दोन्ही खिसे भरले.

पुढं कापसाची शेतं. बोंडं फुटलेली. ऊन वर आलं तसं धुकं उठलं आणि पांढरं सगळं खाली रानातच राहून गेलं. तुरीची पिवळी फुलं, मधूनच ज्वारीची सळसळ, लांब कुठं तरी पाण्याच्या इंजिनाची फटफट. मी राजस्थानात रात्रपाळीनंतर डोळे मिटतो तेव्हा हीच वाट येते, पण तिच्यात कधी कुणी माणूस नसतं. आज पुढं एक लाल फ्रॉक चालत होता. खिशातले गोटे पावलागणिक वाजत होते. मला वाटलं, ही वाट दिवसभर संपू नये.

एका बाभळीखाली भाकरी खाल्ली. ठेचा तिखट लागल्यावर तिनं माझ्याच तळहातावरचा गूळ उचलला, न विचारता. एवढंच. पण मी हात बराच वेळ तसाच उघडा ठेवला.

राजूरला पोचायला अकरा वाजले. तुमच्यासोबत लहान पोर असेल तर चार तास धरा. चतुर्थी नव्हती, त्यामुळे गर्दी बेताची. दर्शन दहा मिनिटांत झालं. बाहेर तीन वाशांच्या तिकाटण्याला मोठा तराजू टांगलेला. कावेरी एका पारड्यात मांडी घालून बसली, दुसऱ्यात मी तिन्ही ढेपा ठेवल्या.

तिचं पारडं हललं नाही.

काटेवाल्या काकांनी साखळी हलवून बघितली. "पाव्हणं, गूळ कमी हाय."

"खिशात गोटे आहेत तिच्या," मी म्हणालो. एकेक गोटा बाहेर आला. लाल, पांढरा, अंड्याएवढा. ओळीनं जमिनीवर. पारडं तसंच. कावेरीनं बांगड्या काढल्या. मग म्हणाली, "थांबा, मी श्वास सोडते." आणि गाल बसवून डोळे मिटून बसली.

लोक हसायला लागले. एक आजीबाई म्हणाली, "का रं बाबा, लेक तुझीच हाय ना? का शेजाऱ्याची आणली?"

मीही हसलो. पण मान खाली घालून ढेपा परत मोजल्या. माझ्या खांद्यावर दोन वर्षांपूर्वी झोपलेली पोरगी मी तोलली होती. समोर बसलेली नाही. मंदा मला पाच वर्षं जे सांगून राह्यली, ते तराजूनं एका मिनिटात सांगितलं.

शेजारच्या दुकानातून आणखी गूळ आणला, चढ्या भावानं. साडेतीन किलो टाकल्यावर कुठं कावेरी जमिनीवरून उठली. वर जाताना ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली.

गूळ फोडून वाटला, घरापुरता ठेवला. मग दोघांनी भजी खाल्ली. दुकानाच्या खांबाला एक रुपयात फोन लावायचा लाल डबा होता. कावेरीनं तो बघितला आणि माझी बाही ओढली.

"ओ, एक रुपया द्या ना. पप्पाला फोन करायचाय. गोटे सांगायचेत."

मग तिला स्टुलावर उभं केलं, डब्यात नाणं टाकलं आणि शून्य लावून माझाच नंबर फिरवला. माझ्या खिशात मोबाइल वाजला. मी तो काढला, कानाला लावला.

"हॅलो. कावेरी?"

तिच्या एका कानात पप्पा होता. दुसऱ्या कानाला मी. तिनं रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं. माझ्या ओठांकडं बघितलं. परत कानाला लावला.

"पप्पा... तुमी कुठं हाव?"

"राजूरला."

"राजूरला कुठं?"

"तुझ्याजवळ."

डब्यात टुकटुक सुरू झालं. परराज्यातला नंबर, रुपया भराभर गिळतो. मी दुसरा टाकला.

"मंग तुमाला माझं वजन कसं म्हाईत न्हाई?" ती रिसीव्हरमध्येच म्हणाली, पण बघत होती माझ्याकडं.

"चुकलं माझं."

"किती हाय, सांगा आता."

"साडेपंधरा किलो."

"बराबर," ती म्हणाली. आणि सगळं सांगायला लागली. नदी, गोटे, श्वास सोडला ते, हसणारी आजीबाई. हातभर अंतरावरून. फोन ठेवू देईना. चार रुपये गेले, वर माझे रोमिंगचे वेगळे. दुकानदार म्हणाला, "भाऊ, येडे झाले का तुमी? समोरासमोर तर हाव." मी त्याच्याकडून आणखी एक सुट्टा रुपया घेतला.

परतीला काळीपिवळी जीप होती, तरी थोडं चाललो. ती दमली तशी खांद्यावर घेतली. खरंच साडेपंधरा किलो होती. उतरत्या उन्हात आमची एकच लांब सावली कापसावरून सरकत होती आणि तिच्या गोट्यांचा भार माझ्या छातीवर ठकठक करत होता. घर दिसल्यावर ती वरूनच ओरडली, "आई, पप्पा आले! फोनमधलेच हायेत!"

मंदा दारात आली. पाणी दिलं.

मला इथं परत येऊन तीन महिने झाले. पांढरा गोटा तिनं माझ्या बॅगेत टाकलेला निघाला, तो मशीनवर ठेवतो. एका जागी राहण्याचं अजून जमलेलं नाही, खोटं कशाला बोलू? पण आता दर पहिल्या तारखेला कावेरी गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर उभी राहते आणि आकडा फोनवर स्वतः सांगते. घरखर्चाचे पैसे वेगळे. तिच्या नावाचे मी किलोला शंभर या हिशेबानं धाडतो. तुमचं पोर गावाकडं असेल तर आधी त्याला काट्यावर उभं करा, मग राजूरची वाट धरा.

मंदा, या महिन्याचे कावेरीचे आज टाकले: सोळाशे वीस रुपये.