खलनायकाच्या हातची हळद

दापोड्याच्या गोदामात परत आलेला माल तपासायचं माझं काम. एकदा कोपरे दुमडलेली हिंदी कॉमिक्स रद्दीत निघाली, सुपरवायझर "ले जा" म्हणाला आणि मी पिशवी भरून अंजूरला घरी आणली. वाचणार होते मी. पळवली बाबांनी!

बाबांचा उजवा हात वर्षापूर्वी कामावर यंत्रात सापडून कोपराखाली गेला होता. तेव्हापासून ते एकाही लग्नाला गेले नव्हते, घरात गप्प बसून असायचे. आणि या कॉमिक्समधला खलनायक भेटला तसा माणूस बोलायला लागला. अर्धा माणूस, अर्धं यंत्र, उजवा हात लोखंडी. दर अंकात हिरो त्याचा हात उखडतो, पुढच्या अंकात हा नवा हात लावून हजर.

"हिरोला काय, जन्मापासून उडता येतंय," बाबा म्हणायचे. "यानं बघ, सोताचा हात सोता बनवला. मेहनती माणूस हाय."

शहरं जाळतो त्याचं काय, असं विचारलं की पान उलटायचे.

मग माझं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण, आणि मला बाबांच्या हातची हळद हवी होती. बाबा अडून बसले. "डाव्या हातानं पोरीला हळद न्हाय लावायची. काका लावील."

"तुम्ही नाही, तर कुणीच नाही," मी म्हटलं. मीही त्यांचीच मुलगी.

हळदीला तीन आठवडे उरले असताना बाबांसाठी विजेवर चालणारा कृत्रिम हात आला. काळा कुळकुळीत! उजव्या हाताच्या उरलेल्या भागाचा स्नायू आवळला की घुर्र करून बोटं मिटायची. वर चढवायला कातडीच्या रंगाचा मोजा होता. आईने तो पुढे केला, "लोक बघतील."

"बघू दे. मना असाच पायजे."

आंब्याच्या पानाने हळद लावायची, म्हणून सराव पानांवर सुरू झाला. पहिल्या दिवशी पानांची चटणी. मी ओरडायचे, "हळू!" ते हसायचे. आमच्या आंब्याची खालची फांदी पार बोडकी झाली, पण शेवटी एक पान अख्खं उचललं गेलं आणि मी अंगणात उड्या मारल्या. नवरीने असं वागू नये म्हणतात. म्हणोत.

हळदीच्या दिवशी बाबा मांडवात आले तशी भावकीतली पोरं किंचाळली, "व्हिलन आला!" आईचा चेहरा उतरला. बाबांनी हात उंच केला, घुर्र करून मूठ वळली आणि ते असे काही गडगडून हसले की बँडवाले थांबले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

त्यांनी पान उचललं. पाय, गुडघे, खांदे. पान थरथरत होतं, पण सुटलं नाही. गालापाशी आल्यावर मात्र ते थबकले, पान टाकून दिलं आणि लोखंडी बोटं सरळ हळदीच्या वाटीत बुडवली.

"अहो, भिजवायचा न्हाय सांगितलाय!" आई ओरडली.

त्यांनी ऐकलं नाही. दोन बोटं माझ्या गालावरून सावकाश फिरली. मग ते वाकून हलकेच म्हणाले, "गार हाय काय गो हळद? मना कलत न्हाय."

"गार हाय, बाबा," मी म्हटलं.


त्यांनी दुसऱ्या गालालाही लावली.