जोडव्यांची चांदी

कॉलेजातल्या पोरांनी माझं नाव ‘चांदीवाले सर’ पाडलं आहे. अमरावतीत बसून जुन्या चीनमधली चांदी शिकवणारा माणूस म्हणजे जरा गमतीचाच प्रकार, हे मलाही कळतं. पण विषय रंगतो. त्या चीनमध्ये मोठा व्यवहार चांदीत चालायचा, तरी तिची नाणी फारशी पाडत नसत. चांदी मोजायची नाही, तोलायची. होडीच्या आकाराच्या लगडी असायच्या, लहान सौद्याला छिन्नीनं तुकडा तोडून द्यायचा. समुद्रापलीकडून राजाचा चेहरा छापलेली नाणी जहाजं भरभरून यायची, आणि त्यातली कितीतरी सरळ भट्टीत जायची. शेतकऱ्यांनी कर म्हणून आणलेले बारके तुकडेही एकत्र वितळायचे, वर आटवताना होणारी घट त्यांच्याच माथी मारली जायची. इथं थांबून मी एक वाक्य टाकत असे: कालपर्यंत कोणाची होती हे चांदीला आठवत नाही. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. मलाही ते फार आवडायचं.

आमच्या देवघरात एक टाक होता. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली आकृती, देवाची किंवा घरातल्या गेलेल्या माणसाची. हा माझ्या मायचा होता. मी रांगत होतो तेव्हाच ती गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक पुजायचा, ही आमच्याकडची रीत. ती दुसरी बाई म्हणजे माझी आई. ‘ती तुही माय, मी तुही आई’ अशी वाटणी तिनंच मला शिकवली आणि तिच्यात कधी गल्लत होऊ दिली नाही. मायचा एकही फोटो नाही. नवं लुगडं आलं की आई आधी टाकापुढं ठेवायची, मग नेसायची. मी मॅट्रिक झालो तेव्हा पहिला पेढा माझ्या तोंडात न जाता टाकापुढं गेला, आणि मी दिवसभर रुसून बसलो होतो. रोज चिंचेनं घासून घासून टाकावरचे नाकडोळे पुसले गेले. गेल्या वर्षी पत्र्याला कोपऱ्यात भोक पडलं.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. आईनं टाक रुमालात बांधून माझ्या हाती दिला. “नवा करून आण. पण याच चांदीतून कर म्हना त्याले. दुसरी नाही पायजे.” गुडघ्यामुळे तिला सराफ्यात येणं शक्य नव्हतं, नाहीतर तिनं माझ्यावर सोपवलंच नसतं.

दुकानात सणाची गर्दी होती. सराफ म्हणाला, “सर, हाच आटवून करून देतो, पण कारागीर आठ-दहा दिवस घेईन. नाहीतर तयार आहेत. जुना द्या, नवा घ्या.” त्यानं अगदी सरळ विचारलं होतं. मी काय करावं? मी त्याला चीन सांगितला. लगडी, भट्ट्या, वितळलेले राजे, सगळं. शेवटी माझं ते वाक्यही टाकलं. तो “बरोबर आहे तुमचं” म्हणाला, टाक काट्यावर ठेवला, घट धरली आणि एका डब्यात टाकला. डब्यात तुटके पैंजण होते, कोण्या लेकराचा करदोटा होता. टाक त्यावर पडल्याचा आवाज मी ऐकला आणि ट्रेमधला बऱ्या चेहऱ्याचा एक नवा टाक निवडत राहिलो. खरं सांगायचं तर आठ दिवसांनी पुन्हा त्या गर्दीत स्कूटर घालणं मला जिवावर आलं होतं. चीन मागाहून आठवला.

“त्यातलीच ना?” आईनं विचारलं.

“हो, त्यातलीच.” कॉलेजात हजेरी द्यावी तितक्या सहज मी बोलून गेलो.

तिनं नव्या नाकावरून अंगठा फिरवला. “आता कशी मान्सासारखी दिसते बाई. बरं झालं, तिची जोडवी वाया नाही गेली.”

“कोनाची जोडवी?”

“तुह्या मायची. तिले नेलं तवा तुह्या बापानं पायातली काढून ठेवली होती. मी आली तवा त्याचाच टाक केला. तिच्या अंगावरचं तेवढंच तर राह्यलं या घरात.”

“मले कधी सांगतलं नाही तू.”

“त्यात काय सांगाचं? रोज पाया पडतं तू तिच्या.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी फळीवर जाऊन बसलो. डबा रिकामा झाला होता. सगळी मोडीची चांदी आदल्या संध्याकाळीच अकोल्याला आटणीसाठी गेली होती. मी एसटी धरून अकोल्याला गेलो. तिथल्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि गार झालेली एक लगड दाखवली. “यातच असंन सायेब. आता कोनतं काय, कसं सांगू?” लगड नवीकोरी, लखलखीत होती. मी तिला हात लावला. माझंच वाक्य समोर पडलं होतं आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

त्यानंतर दिवाळीपर्यंत रोज सकाळी आई त्या परक्या चांदीला अंघोळ घालायची, कुंकू लावायची, गुडघ्याचं गाऱ्हाणं तिला सांगायची. मी आत चहा घेऊन ते ऐकत बसायचो. वर्गात चीन आला. शेतकरी चांदीचे तुकडे घेऊन भट्टीशी आले, इथवर मी बोललो. त्यात कोणाच्या तरी बायकोच्या केसातला आकडाही असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. पुढचं वाक्य मी बोललो नाही. वह्या उघडून बसलेली पोरं माझ्याकडे पाहत राहिली.

दिवाळी झाल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिनं आधी जुडी संपवली.

“एवढी वर्सं मी सांभाळलं तिले,” मग ती म्हणाली. “एक डाव तुह्या हाती देल्लं.”

तिनं नवा टाक उचलून देव्हाऱ्याच्या कडेला ठेवला, पण कुंकू लावायचं थांबवलं नाही. “कोनाच्या घरची हाये कोन जाने. तिले उपाशी काहून ठेवाचं?” संध्याकाळी तिनं पेटीतून एक चिंधी काढली. वडील गेले त्या दिवशी उतरवलेली तिची स्वतःची जोडवी तिच्यात होती. “याचा कर तिचा टाक. दोघीनं एकाच मान्साच्या नावानं तर घातली होती.”

जोडवी खालच्या बाजूनं झिजून कागदासारखी झाली आहेत. भातकुलीच्या आमच्या वावरात ती घालूनच तिनं जन्मभर निंदण केलं. दोनदा मी सराफाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. ती आटवली की आईच्या पायातलंही भट्टीत गेलं. नाही आटवली, तर माय कोठल्यातरी लगडीत बेपत्ताच. कपाटात माझ्या शर्टांच्या खाली ती चिंधी आहे, आणि आईला मी सांगतो की कारागीर गावाला गेला आहे.

परवा तिनं जेवताना माझ्या ताटात भाकरी वाढली आणि हात तसाच ठेवला.

“तुह्या कारागिराले म्हना, लवकर ये. मी जायच्या आंधी तिले घरी आन. मी गेल्यावर तुह्याकडे पाहाले कोनी नको का?”

साठीला आलेला मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो.

“उद्या जातो,” मी म्हणालो.