महेशला जामीन कोण राहणार?

मांजरीहून निघाले त्या दुपारी ऊसतोड चालू होती. फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा लागला आणि आमची गाडी अडकून पडली. माझे सासरे, अण्णा, घराच्या दारातूनच निरोप देऊन मोकळे झाले होते. गाडी अडकल्याचं कळलं तसे ते चालत फाट्यापर्यंत आले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "राहिलं का काय घरी?"

"नाही अण्णा, ट्रॅफिक आहे."

"मग बरं. मला वाटलं, इचार बदलला."

महेश, माझा नवरा, मुंबईच्या विमानतळापर्यंत आला. दाराशी जवानानं माझं तिकीट पाहिलं आणि महेशला नुसत्या हातानं बाजूला व्हायला सांगितलं. काचेपलीकडून तो बराच वेळ दिसत होता. मग एक मोठं कुटुंब मध्ये आलं आणि तो दिसेनासा झाला.

खरं तर मी निघाले होते त्या अमेरिकेचीच नागरिक. मूळची पुण्याच्या मंडईजवळची, पण शिकायला तिकडे ओहायोला गेले, नोकरीला तिथेच लागले, कागदोपत्री तिथलीच झाले. आई आजारी पडली म्हणून पुण्याला परतले आणि ती गेल्यावरही राहिले. पुण्यात माझ्यासारखीला लोक आधी विचारतात, "परत का आलात?" आणि उत्तर पुरं व्हायच्या आत, "मग परत का जात नाही?" खराडीत एका कंपनीत काम मिळालं. एका मैत्रिणीच्या घरी महेश भेटला. तो गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायचा. लग्न झालं, मी मांजरीची झाले, आणि हा प्रश्न कायमचा मिटला असं मला वाटलं.

मग कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला. माझ्या वयाला नवी दारं उघडेनात. महिनोन् महिने मी घरात बसून होते. शेवटी महेशच म्हणाला, "चल, तिकडे जाऊ. तुझं ते जग मीही बघतो."

नवऱ्याला बोलावण्याचा हक्क मला होता, पण त्या हक्काच्या पाठीला एक हमीपत्र होतं. येणारा माणूस सरकारवर ओझं होणार नाही, झालाच तर भार मी उचलीन, असं लिहून द्यायचं आणि तेवढी मिळकत दाखवायची. पुण्यातला पगार चालू असता तरी उपयोग नव्हता, कारण पुणं सोडताच तो थांबणार. शिवाय माझं बिऱ्हाड अमेरिकेत आहे हेही सिद्ध करायचं. म्हणून मी पुढे जायचं, नोकरी धरायची, बिऱ्हाड मांडायचं आणि मग महेशनं यायचं, असं ठरलं.

ओहायोतल्या कोलंबसला वर्षाताईंच्या घराच्या तळघरातली खोली मी भाड्यानं घेतली. वर्षाताई यवतमाळच्या, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. एकट्या राहायच्या, मोजकं बोलायच्या. खोलीची खिडकी जमिनीलगत होती, त्यामुळे मला माणसं फक्त पायांवरून ओळखू यायची. नोकरी मिळाली ती दातांच्या एका दवाखान्यात, तासाच्या पगारावर. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हॅव अ गुड वन' म्हणायचं आणि संध्याकाळी घरी येऊन गप्प बसायचं. मी जेवून उठायची तेव्हा महेशची सकाळ व्हायची. तो शाळेला निघालेला, मी दमलेली. दोघांपैकी एकाला नेहमी घाई.

एकदा दुकानात कोवळी गवार दिसली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अगंबाई, गवार!" शेजारच्या बाईला वाटलं, मी तिला वाट सोडायला सांगतेय. ती 'सॉरी' म्हणाली आणि ढकलगाडी घेऊन बाजूला झाली. त्या दिवशी फोनवरचं सोडून मी बोललेलं मराठी तेवढंच होतं.

बिऱ्हाडाचे पुरावे मी जमवत गेले. भाडेकरार, गाडी चालवायचा परवाना, बँकेचं खातं, वाचनालयाचं कार्डसुद्धा. सोबत एक निवेदन लिहायचं होतं, की इथे कायम राहण्याचा माझा पक्का इरादा आहे. इंग्रजीत ते वाक्य लिहायला काहीच वेळ लागला नाही. सही करताना मात्र हात अडला. ते खरं आहे का, असं मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. महेशनंही नाही, मी स्वतःलाही नाही.

सगळं पाठवलं आणि उत्तर आलं: माझी मिळकत कमी पडते. मिळकत असलेला दुसरा जामीनदार आणा, नाहीतर मालमत्ता दाखवा.

अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी महेशच्या हातून फोन घेतला. "जिमीन हाय की. वढ्याकडचा तुकडा काढू इकायला. बिल्डर तर रोज चहा प्यायला येतोय."

"नाही अण्णा," मागून महेशचा आवाज आला. नंतर शाळेतून त्यानं मला फोन केला. "तो तुकडा गेला ना शुभा, तर सकाळी उठून त्यांना जायला जागा उरणार नाही."

म्हणून मी शिकागोच्या चुलतभावाला, सुहासदादाला विचारलं. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो होतो. तो म्हणाला, "शुभा, तुझ्यासाठी जीव हजर आहे. पण ही सही वेगळी. उद्या तुमचं दोघांचं बिनसलं तरी मी अडकतो. आमचा सीए नको म्हणतोय." मी जीव मागितलाच नव्हता. पण त्याचं चुकलं होतं असंही म्हणवत नाही. कायदा तो सांगत होता तसाच आहे. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले, मग माझेही.

थंडी संपत आली तेव्हा मी वर्षाताईंना सांगितलं की खोली सोडते, परत जाते. त्या भांडी विसळत होत्या.

"नोकरी गेली?"

"नाही. महेशला जामीन मिळत नाहीये."

नळ बंद झाला. "मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही त्याला ओळखत नाही, ताई. मलाही कितीशा ओळखता?"

"फोन लाव त्याला."

महेश शाळेच्या कपड्यात, केस ओले, असा पडद्यावर आला. ताईंनी नमस्कार-चमत्कार केला नाही. "शिकवता काय?"

"विज्ञान."

"इथे आल्या आल्या ते मिळणार नाही. गोदामात खोकी उचलावी लागतील. उचलाल?"

"उचलीन. पण सुरुवातीला वाईट वाटेल."

"वाटणार नाही म्हणाला असतात, तर मी सही केली नसती," ताई म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला.

मग जेवणाच्या टेबलावर त्यांनी स्वतःचे पगाराचे आणि कराचे कागद काढून ठेवले. "बघ हवे तितके. माझ्या भावानंही बघितलेले नाहीत." मी वर बघेना, तेव्हा त्याच पुढे बोलल्या. "माझ्या नवऱ्याला मीच आणलं होतं. याच हमीवर. पुढे घटस्फोट झाला. वकील म्हणाला, बाई, नवरा सुटला तरी जामीन सुटत नाही. तो कुठे आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. पण पुष्कळ वर्षं त्याचं काही बिघडू नये म्हणून मी देवाला हात जोडले. प्रेमानं नाही गं, भीतीनं."

"मग पुन्हा कशाला, ताई?"

"तेव्हा कशावर सही करतेय ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे." एवढं बोलून त्यांनी पेन उघडलं.

महेश आला तो पुढच्या हिवाळ्यात. विमानतळावर त्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या स्वेटरला आमच्या कपाटातला डांबरगोळ्यांचा वास होता. आम्ही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. आता सगळं झालं असं मला वाटलं. पण माझं एकटेपण जिथे संपलं तिथे त्याचं सुरू झालं. खोकी उचलायचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: गावात रस्त्यानं जाताना चार मुलं 'सर' म्हणून सायकलवरून उतरायची, इथे कुणाला त्याचं नावही धड घेता येईना. कामावरून येऊन तो पार्किंगमध्येच गाडीत बसून राहायचा. मी वरून बघायची. खाली जाऊन हाक मारावी असं वाटायचं, पण मला त्या जागेची ओळख होती. तिथून माणूस आपला आपणच उठतो.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, गेलेला माणूस एकदाच जातो. जे आलात त्यांना ठाऊक आहे की तो रोज थोडा थोडा जात असतो, आणि पोचतो कधी, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

गेल्या रविवारी अण्णांचा फोन आला. मी भाकरी थापत होते, महेश कांदा चिरत होता. फोन स्पीकरवर.

"काय चाललंय?"

"काय नाय अण्णा, घरीच हाय," महेश म्हणाला.

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला. मग अण्णा म्हणाले, "घरी? हां, हां. तिकडच्या घरी." आणि पाठोपाठ, "जेवा मग निवांत."

फोन ठेवल्यावर महेशनं विचारलं, "काय झालं त्यांना?" मी तव्यावरची भाकरी उलटली. इतके दिवस मी त्याच्या तोंडून 'घरी' या एका शब्दाची वाट पाहिली होती, आणि आला तेव्हा मला धड आनंदही मानता येईना. तो पुन्हा कांदा चिरू लागला. काय बोलून गेलो, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. इथे आमचं घर झालं होतं, आणि ते आम्हा दोघांच्या आधी अण्णांना कळलं.