चावीवाल्यांचा तलाव

आमचे सासरे नगरपालिकेत चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लांबलचक लोखंडी चावी घालून भागाभागाला पाणी सोडणारे. पगार बेताचा, पण रुबाब असा की नगराध्यक्षांनी बाजूला सरून वाट द्यावी. तीस वर्षं चार गल्ल्यांचा स्वयंपाक, धुणी आणि आंघोळी त्यांच्या मनगटावर अवलंबून होत्या.

मग आम्ही परदेशात आलो आणि त्यांनाही घेऊन आलो. इथे नळ कधीही सोडा, पाणी हजर. पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सात वेळा उघडून बघितला आणि मला विचारलं, "सूनबाई, इथला चावीवाला रजा घेतच नाही का?" त्यानंतर माणूस खचलाच. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे त्यांच्या जिवाला फार लागलं.

आमच्या लेकीचं दुखणं वेगळंच होतं. सहा वर्षांची पोर, शाळेत डबा एकटीच खायची. अख्ख्या वर्गात एक मैत्रीण नाही. म्हणून नवऱ्याने बागेसाठी हवा भरायचा छोटा स्विमिंग पूल आणला, तळाशी मासे छापलेला. लेकीने वर्गातल्या तीन मुलींना शनिवारी खेळायला बोलावलं. तिघीही हो म्हणाल्या. आठवडाभर तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

पूल भरायचं खातं आपोआप सासऱ्यांकडे गेलं, आणि त्यांनी ते रीतसर चालवलं. पाणी एक दिवसाआड, सकाळी सहा ते सव्वासहा.

"बाबा, एकदाच भरून टाका ना," मी म्हटलं.

"आणि पुढच्या घरांना प्रेशर कुठून येणार?" एवढं बोलून ते थांबले नाहीत. शेजारणीच्या बागेत शिरून तिचा नळ सोडून खात्री करून आले. तेव्हापासून ती बिचारी आम्हाला बघितलं की फाटकाला कडी लावते. नवऱ्याकडे तक्रार केली, तर तो म्हणाला, "करू दे गं, तेवढाच त्यांचा वेळ जातो." हा माणूस सकाळी आठला जो ऑफिसला पळतो तो संध्याकाळी उगवतो. वेळ माझा जात होता.

शनिवारी पाणी जेमतेम घोट्यापर्यंत आलं होतं. वर प्लायवूडचं झाकण, झाकणावर वीट. मुली टॉवेल घेऊन उड्या मारत आल्या, आणि समोर खुर्ची टाकून, गळ्यात शिट्टी अडकवून आमचे चावीवाले बसलेले. आधी बादलीत पाय धुवायचे. मग दोघीदोघींनी उतरायचं. पाळी दहा मिनिटांची. पाणी उडवायचं नाही, कारण बाहेर गेलेलं पाणी परत येत नाही. हे सगळं ते मराठीत सांगत होते आणि लेक मान खाली घालून मैत्रिणींना त्यांच्या भाषेत समजावत होती.

पहिली पाळी संपली, शिट्टी वाजली. दुसरी पाळी सुरू झाली तशी एक मुलगी जरा नाचली, पुन्हा शिट्टी. बाहेरच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. एकीने बूट शोधायला सुरुवात केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज सासऱ्यांना खुर्चीसकट उचलून पुलात टाकायचं, असं ठरवून मी स्वयंपाकघरातून निघाले.

पण लेक माझ्या आधी पोचली. तिची पाळी अजून अर्धीही झाली नव्हती, तरी पाण्यातून बाहेर येऊन ती खुर्चीसमोर उभी राहिली.

"आजोबा, माझी सगळी मिनिटं त्यांना द्या ना. मी इथेच बसून बघते. म्हणजे त्या परत येतील."

सासऱ्यांच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. तीस वर्षं लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले होते. कुणाच्या घरी लग्न, कुणाकडे बाळंतीण, कुणाकडे मयत. प्रत्येकाला स्वतःसाठी दहा मिनिटं जास्त हवी होती, आणि त्यांनी ती कुणालाही दिली नव्हती. आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. मला वाटलं होतं ते नियम सांगतील. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगते, माझा सगळा राग तिथेच गळाला.

ते उठले. भिंतीजवळ गेले आणि बागेतला नळ पूर्ण सोडला. पाइप पुलात टाकला आणि नातीला उचलून मधोमध ठेवलं. बूट शोधणारी बूट तिथेच टाकून धावली. मग जो काही दंगा सुरू झाला! चौघींनी मिळून अर्धा पूल गवतावर उडवला, तरी पाणी चढतच होतं. शेवटी काठावरून वाहायला लागलं.

सासरे पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी नळ बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे सूनबाई," ते म्हणाले. "मला बघवत नाही, पण राहू दे."