त्रिकोणी पाठीचा उंट

मंडळी, आज दुपारी मी एका आईच्या हातातून खोडरबर काढून घेतलं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाहीये.

इथे जयपूरला, जगतपुऱ्यातल्या माझ्या घरी दर रविवारी मी आपल्या मराठी मुलांना चित्रं काढायला शिकवते. चित्रांचं पुस्तक उघडायचं, त्यातले आकार शोधायचे आणि तेच कागदावर काढायचे. आज उंट होता. सहा वर्षांच्या स्वराने लंबगोल पोट काढलं, वर टोकदार त्रिकोण, खाली चार काठ्या. जाम खूश होती.

तेवढ्यात तिची आई न्यायला आली. "ताई, जयपूरमध्ये राहून असा उंट?" म्हणत तिने सगळं खोडलं आणि स्वतः सुबक उंट काढला. "घे, आता खाली तुझं नाव लिही."

स्वराने लिहिलं, "मम्मी". मग मला म्हणाली, "टीचर, मला दुसरा कागद द्या ना."

दुसऱ्या कागदावरही आई वाकली, तेव्हा मी रबर काढून घेतलं.

रागवा खुशाल. पुढच्या रविवारपासून आईबाबा दाराबाहेर थांबतील. माझ्या घरात उंटांच्या पाठी त्रिकोणीच राहणार.

तुमच्या फ्रिजवर लावलेलं चित्र खरंच तुमच्या मुलाने काढलंय का?