खांदे शेकल्यावर

मी रस्ते बांधले, उशिरा का होईना पूल बांधले, डोंगरावर रसद चढवली आणि संरक्षण खात्याच्या एका भल्या मोठ्या खुर्चीतून निवृत्त झालो. सत्काराला बोलावणारे विचारतात, सगळ्यात अवघड कामगिरी कुठली? त्यांना बर्फाची गोष्ट हवी असते. मी पोळ्याची सांगतो. त्यांची तोंडं उतरतात. उतरू देत.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी नुकता कॅप्टन झालो होतो आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका लष्करी गोदामाची वाहतूक माझ्याकडे होती. रेल्वेपासून गोदामापर्यंतचा रस्ता अर्धाच झाला होता. पावसाळ्यात तिथली काळी माती ट्रक गिळायची, म्हणून शेजारच्या गावातल्या बैलगाड्या भाड्याने लावल्या होत्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गाडीवानांनी बैल धुतले, हळद आणि तुपाने खांदे शेकले, आणि एकेका बैलाला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." खांदे शेकले की दुसऱ्या दिवशी त्यांवर जू चढत नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमचे मोठे साहेब दूरच्या प्रांतातले. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि करून घ्यायचंही नव्हतं.

नेमक्या त्याच संध्याकाळी मालगाडीच्या वाघिणी लागल्या. आत छपराचे पत्रे आणि तंबू. एक दिवस थांबले असते तर देश काही बुडत नव्हता. साहेबांनी फर्मावलं, उद्या संध्याकाळपर्यंत वाघिणी रिकाम्या हव्यात.

"होतील," मी म्हणालो. "पण बैल जुंपणार नाही."

साहेब हसले. "तुम्ही लोक आता बौद्ध झालात ना? मग पोळा कसला?"

दीक्षा घेऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. माझं डोकं सणकलं. म्हटलं, "साहेब, मला देवही नको आणि नैवेद्यही नको. माझा बाप सालदार होता. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबला. बैलाला सुट्टी म्हणून त्या एका दिवशी त्यालाही सुट्टी मिळायची. उद्या बैल जुंपले तर त्यांच्यामागचा गडीही जुंपला जाईल. ते माझ्या हातून होणार नाही."

साहेबांनी आवाज न चढवता आठवण करून दिली, की इंजिनियरिंगच्या पुढच्या कोर्सला माझं नाव त्यांच्याच शिफारशीने जायचं होतं. त्या कोर्ससाठी मी जीव टाकत होतो. पूल बांधायला शिकायचं तर मला दुसरी वाट दिसत नव्हती.

"नाव खोडा," मी म्हणालो.

कोर्स गेला. आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी हळहळत बसायला नको.

सकाळी गाडीवानांनी गाड्या दिल्या, बैल गोठ्यात राहिले. चाकं रुततील तिथे आम्ही रुळांखालचे जुने स्लीपर टाकले आणि गाड्यांना दोर बांधले. पहिल्या गाडीचं जू मी धरलं. हट्ट माझा, तर ओझंही माझंच. जवान आधी लाजले, मग दोराला लागले, आणि थोड्या वेळाने तर एकमेकांनाच हाकलायला लागले. दुपारपर्यंत माझे खांदे सोलून निघाले.

माझे वडील त्याच गावात राहत. कुणीतरी चुगली केलीच. काठी टेकत, चिखल तुडवत ते आले आणि समोर उभे ठाकले.

"काऊन गाडी ओढून राह्यला रे? जू ओढाले शिकोलं का तुले म्या?"

"बाबा, आज पोळा हाये. साहेब बैलं जुंपाले सांगत होते."

"मंग? तुहे हायेत का ते बैल?"

"बैलाचं नाई, बाबा. बैलाच्या मांगं तुमी होते ना."

मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा संतापही येत होता. मी पुन्हा जू उचललं. बाबा वाटेच्या कडेला स्लीपरच्या ढिगावर बसले आणि तिथून हलले नाहीत.

दिवस कलला तेव्हा शेवटचे पत्रे गोदामात गेले. तेवढ्यात साहेबांची जीप आली. आम्ही चिखलातच सावधान झालो. सजवलेले बैल घेऊन पोळ्याला निघालेले गावकरीही थबकले आणि हात जोडून उभे राहिले. मालक दिसला की उठायचं, पाटील दिसला की पायातलं काढायचं, यात बाबांचा जन्म गेला होता. ते बसूनच राहिले. साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. आमचे सुभेदार घाबरून पुटपुटले, "बाबाजी, खडे हो जाओ."

बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

"आज पोळा हाये," ते म्हणाले. "आज मी कोनासाठी उठत नाई."