रिक्त जागेवरचे कुंडलिकतात्या

कुंडलिकतात्या खुटवड शिवऱ्याचे. भोरजवळच्या आमच्या तंत्रशिक्षण केंद्रात कागदोपत्री ते शिपाई, आणि जळालेल्या पाणमोटारी भरायचा वर्ग एकोणीस वर्षं तेच घेत होते. निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्या मास्तरांची, जागा रिक्त होती. शेवटचे निदेशक जेवायला म्हणून पुण्याला गेले ते आलेच नाहीत. मी बुद्धभूषण, इथला कारकून. मी दर महिन्याला वर पत्र लिहायचो, वरून 'नोंद घेतली आहे' असं उत्तर यायचं. असल्या उत्तरांनी माझं डोकं सणकतं, पण ते जाऊ द्या.

तात्या आधी वर्ग झाडत, मग घंटा देत, मग झाडू दाराआड ठेवून शिकवायला उभे राहत. त्यांची परीक्षा न्यारीच होती. कुणाची तरी खरी जळालेली मोटार पोरानं भरायची, म्हणजे आतली तार काढून नवी गुंडाळायची, आणि नदीवर नेऊन बसवायची. रानात पाणी पोचलं की मालकानं ओल्या मातीचं बोट पोराच्या शर्टाला लावायचं. डाग पडला तर पास. वेल्ह्याची अश्विनी तीनदा नापास झाली. आता आसपासच्या सगळ्या मोटारी तिच्याच दुकानात येतात.

दोन वर्षांपूर्वी झांबिया, मलावी आणि लेसोथो या देशांची शिक्षणखात्यातली मंडळी आली. आपल्याकडचं प्रशिक्षण सुधारायचं म्हणून ती अशी केंद्रं बघत हिंडत होती. प्राचार्य मानसिंगरावांनी तात्यांना बजावलं, "तुम्ही फक्त चहा द्यायचा." मग स्वतःच निदेशक बनून त्यांनी मोटारीचं बटण दाबलं. मोटार घुमली, अडली आणि धूर यायला लागला. तात्यांनी चहाचा ट्रे झांबियाच्या मुटालेबाईंच्या हातात दिला, बटण बंद केलं नि म्हणाले, "येक फेज गेलाय, साहेब. सरका जरा."

बाईंनी ट्रे मानसिंगरावांकडे सोपवला आणि फरशीवर मांडी घातली. तीन तास उठल्या नाहीत. मी दुभाष्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे उलटं आहे. निदेशक भरपूर, सगळे पदवीधर, पण यंत्रं खोक्यात आणि शिकवणं फळ्यावर. "तुमच्याकडे असे निदेशक किती?" मी खरं ते सांगितलं, "एकही नाही." बाईंना तो आमचा विनय वाटला.

सहा महिन्यांनी पत्र आलं. तिथल्या चाळीस निदेशकांना शिकवायला निदेशक कुंडलिक खुटवड यांना दोन महिने पाठवा. तात्यांनी ते माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. दर वेळी 'निदेशक' या शब्दाशी मला थांबवायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. म्हणाले, "भाऊसाहेब, येकदा तरी ह्या नावानं कुठंतरी उभं ऱ्हायाचंय."

आमच्या वरच्या कार्यालयानं कळवलं की या नावाचे निदेशक अस्तित्वात नाहीत. पाठवायचं तर आधी हाच अभ्यासक्रम पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि त्याला वर्षभराची हजेरी हवी. आता हजेरी घेणाराच तो माणूस, त्याची हजेरी कुठून आणायची? शेवटी तात्यांना त्यांच्याच वर्गात प्रवेश दिला. कपाळावर हात मारून अर्ज मीच भरला. रोज सकाळी ते फळ्यापुढं उभे राहून नावं घेत. स्वतःचं नाव आलं की शेवटच्या बाकावर जाऊन बसत, "हजर" म्हणत आणि परत येत. पोरं आधी खिदळली. एकदा एसटी चुकली तेव्हा तात्यांनी बाकीच्यांना करत तशीच स्वतःच्या नावापुढं उशिराची खूण केली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वर्ष सरलं. लेखी आणि बाहेरच्या परीक्षकांचे मिळून ऐंशीपैकी त्यांना एकोणचाळीस पडले. पास व्हायला शंभरात चाळीस. उरलेले वीस गुण वर्ग घेणाऱ्यानं द्यायचे, म्हणजे त्यांनीच. मी पेढे आणायला माणूस धाडला.

पोरांच्या मोटारी आधी तपासता तपासता त्यांची स्वतःची शेवटच्या दिवसावर राहिली. कामथडीच्या सखूबाईंची मोटार त्यांनी सुरेख भरली, नदीवर नेऊन बसवली, आणि वीज गेली. गुणपत्रक पाचला पाठवायचं होतं. पावणेपाचला तात्यांनी आपल्या नावापुढं शून्य लिहिलं.

मी चिडलो. "तात्या, एकच गुण द्या. मोटार चालणार हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही."

"व्हय, चालंल," ते म्हणाले. "पर पानी आलं न्हाई. पानी आल्याबिगर म्या आजवर कुनाला गुण दिला न्हाई."

मी तावातावानं बोलत राहिलो, ते पेनाला टोपण लावत बसले. दुसऱ्या दिवशी वीज आली, पाणीही आलं. सखूबाई ओली माती घेऊन केंद्रापर्यंत आल्या आणि तात्यांच्या शर्टाला बोट लावून गेल्या. तोवर कागद पुण्याला पोचला होता.

मेअखेर तात्या शिपाई म्हणून निवृत्त झाले. शिपायाची जागा मात्र आठ दिवसांत भरली. नवा शिपाई सार्थक हा इंजिनियर आहे. वर्ग घेशील का विचारलं, तर म्हणाला, मी मोटार कधी उघडलेली नाही. मुटालेबाईंनी लिहिलं, आम्ही आणखी एक वर्ष थांबतो. नापास झालेल्याला पुन्हा वर्गात बसता येतं, तेव्हा तात्यांनी परत प्रवेश घेतला. पण आता ते नोकरीत नव्हते, नुसते विद्यार्थी होते. विद्यार्थ्याला तास घेता येत नाही, असा नियम आहे.

ऑगस्टात नवा वर्ग सुरू झाला. वीस पोरं आणि तात्या बाकांवर बसले. घंटा झाली. पंधरा मिनिटं गेली तरी फळ्यापुढं कुणी नाही. मला राहवेना. दारात जाऊन म्हणालो, "तात्या, उठा, करा सुरू. नियमाचं मी बघतो."

ते उठले नाहीत. नवी वही उघडून, वर तारीख घालून बसले होते.

"भाऊसाहेब, मास्तर येतील का वो यंदा?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर चेष्टा नव्हती.

"जळक्या मोटारी खोलून खोलून शिकलो म्या," ते म्हणाले. "मला कुनी शिकवलंच न्हाई कवा."